गाडा कुणाच्या नावावर?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

बायांनो, स्वयंपाकघरात असाल, गोठ्यात असाल, नाहीतर मोबाईलवर रेडिओ लावून भांगलत असाल, जिथं असाल तिथं ऐका. बचत किती करायची आणि हप्ता कधी भरायचा हे आज मी सांगणार नाही. ते दर बैठकीत बोलतेच, तुम्हालाही ऐकून कंटाळा आला असेल. आज आमच्या वड्याच्या गाड्याची गोष्ट सांगते.

ती सांगावीशी वाटली त्याला कारण आहे. मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एक ताई ३० हजारांचं कर्ज मागायला उभ्या राहिल्या. घरचा भेळेचा गाडा आहे, पत्रा गंजलाय, एक चाक मोडलंय, दुरुस्त करायचाय. अध्यक्षांनी सहज विचारलं, "गाडा कुणाचा?" ताई म्हणाल्या, "आमचाच की." "तसं नाही, नावावर कुणाच्या?" ताई थांबल्या. मग म्हणाल्या, "सासऱ्यांच्या असंल. मी नऊ वर्षं उभी हाय त्याच्यावर, पण नावाचं कधी विचारलं नाही." सगळ्या हसल्या. मला मात्र हसू आलं नाही, कारण हेच आमच्या घरात घडलं होतं आणि त्यात थोडी चूक माझीही होती.

माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, मुंबईला गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा मोठा संप झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आपल्या सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे आणि कोकणातले कितीतरी. तो संप मिटला असा कधी मिटलाच नाही. काही लोकांनी मुंबईतच रस्त्यावर वडापावच्या गाड्या लावल्या. वडापाव तोवर नवा नव्हता. दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ च्या सुमारास वडा पावात घालून विकायला सुरुवात केली असं सांगतात. पण संपानंतर हातात काम नसलेल्या माणसाला कमी भांडवलात दुसऱ्या दिवशी पैसे देणारा धंदा तोच होता. एक कढई, एक स्टोव्ह, एक झारा. तात्यांनी वर्षभर वाट पाहिली आणि गावी परत आले. येताना मुंबईहून काय आणलं तर ही वडापावची कल्पना. तालुक्याच्या एसटी स्टँडबाहेर त्यांनी गाडा लावला.

आता गंमत बघा. कल्पना तात्यांची, गाडा तात्यांचा, पण तात्यांना वडा करता येत नव्हता. वडा आईचा. पहाटे चारला उठून बटाटे उकडायचे ते आईनं. बटाटा जुना लागतो, नवा बटाटा चिकट होतो आणि वडा आतून गिळगिळीत लागतो, हे तिनं दोन महिने नुकसान सोसून शिकून घेतलं. पिठात कडकडीत तेलाचं मोहन, पीठ सैल किती ते बोटावरून ओघळतं कसं यावरून, आणि तेल तापलं का ते पिठाचा थेंब टाकून. वजनकाटा कधी वापरला नाही. तात्या पैसे घ्यायचे, पाव कापायचे, चार माणसांशी बोलायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "तात्यांचा वडा." आईचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. तिला त्याचं वाईट वाटायचं का, मी कधी विचारलं नाही. पण गल्ला, म्हणजे तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा, संध्याकाळी आईच मोजायची. ते तिनं कधी सोडलं नाही.

त्या गाड्यावर आम्ही दोघं भावंडं शिकलो. मी बी.ए. झाले. शेवटच्या वर्षाला असताना आईचे गुडघे दुखायला लागले होते. ती एकदा म्हणाली, "तू सुट्टीत तरी हाताखाली ये, शिकून घे." मी म्हणाले, "आई, मी काय वडे तळायला शिकले का?" आज हे रेडिओवर सांगताना लाज वाटते. ती काही बोलली नाही, कढईत झारा फिरवत राहिली. दादालाही गाडा नको होता. तो पिकअप चालवतो. त्याला पोरं "वडेवाल्याचा पोरगा" म्हणून चिडवायची, ते त्याच्या डोक्यातून गेलं नाही.

गाडा घेतला तो वहिनीनं. लग्न होऊन आली तेव्हा तिला वडा खाता येत होता, करता येत नव्हता. पहिल्या वर्षी पाव कापले, भांडी घासली, दुसऱ्या वर्षी तळायला लागली, तिसऱ्या वर्षी आईच्या जागी उभी राहिली. आता तिला तेरा वर्षं झाली. पण एक गोष्ट आईनं तिला दिली नव्हती. लसणाची चटणी.

आमच्या गाड्यावर लोक येतात ते चटणीसाठी, वडा काय सगळीकडे मिळतो. ती चटणी आई घरी करायची, एकटी, दुपारी सगळे झोपले की. सुकं खोबरं आणि लसूण वेगवेगळं भाजायचं, मिरची कुठली घ्यायची, पाट्यावर किती वेळ, हे कुणालाच माहीत नव्हतं. डबा भरून गाड्यावर पाठवायची. वहिनी एकदा म्हणाली, "आत्या, मला दाखवा की, तुमचा त्रास वाचंल." आई म्हणाली, "दाखवीन की." त्याला पाच वर्षं झाली. मध्ये आईला आठ दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. वहिनीनं तिच्या माहेरच्या पद्धतीची शेंगदाण्याची चटणी केली. तिच्याकडं ती फार चवीनं खातात, पण आमचं गिऱ्हाईक नाक मुरडायला लागलं. त्या आठ दिवसांत विक्री निम्म्यावर आली. वहिनी रडकुंडीला आली होती.

मला आईचा राग आला. मी गटांच्या बैठकांत सासू-सुनांना सांगत फिरते आणि माझ्या घरात हे. मी तिला चांगलंच बोलले. तेव्हा ती म्हणाली, "अगं, तात्या गेले. गुडघे गेले. गाड्यावर उभं राहता येत नाही. चटणी पण दिली की मग मला घरात कोण विचारणार?"

बायांनो, मी ते ऐकून गप्प बसले. आम्ही सगळे समजत होतो म्हातारी हट्टी आहे. तिला भीती वाटत होती. चाळीस वर्षं राबून तिच्या नावावर ना पेन्शन, ना जमीन, ना बँकेत रक्कम. तिची सगळी ठेव म्हणजे तो चटणीचा डबा. तो ती फुकट कशी देईल? आणि का द्यावा?

मग आम्ही काय केलं ते सांगते. पण आधी हिशेब, कारण हिशेबाशिवाय हे सुटलं नसतं. एका रविवारी मी आणि वहिनी वही घेऊन बसलो. १०० वड्यांना काय लागतं ते लिहिलं. पाच किलो बटाटा १५०, दीड किलो बेसन १५०, दीड लिटर तेल २२५, १०० पाव ३५०, मिरची, लसूण, कोथिंबीर, चटणीचं सामान मिळून १५०, गॅस १००, कागद २५. झाले ११५०. वडापाव १५ रुपयाला, म्हणजे आले १५००. राहिले ३५०. रोजचे २०० वडे धरले तर ७००. वहिनी म्हणाली, "बघा, सातशे सुटत्यात." मी म्हणाले, थांब. पहाटेपासून रात्रीपर्यंत तू राबतेस, घरी आई लसूण सोलते, खोबरं भाजते. तुमची दोघींची मजुरी भांगलणीच्या दरानं तीनशे-तीनशे लाव. सहाशे झाले. मग गाड्याचा नफा किती? शंभर.

वहिनी बराच वेळ त्या आकड्याकडं बघत होती. आपण घरच्या माणसाची मजुरी धरतच नाही आणि मग म्हणतो, गाडा चांगला चाललाय. गाडा चालला होता तो या दोघींच्या फुकट राबण्यावर. म्हणून तर पोरांना तो नको वाटतो. ती आळशी आहेत असं आपण म्हणतो, पण त्यांनी तोंडी हिशेब आपल्या आधीच केलेला असतो.

त्याच दिवशी दुसरी गोष्ट उघडी पडली. किराणा दुकानात आमची १८ हजार उधारी झाली होती. विक्री रोज होते, मग उधारी कशाची? शोधत गेलो तर चूक माझ्यापाशी आली. चार वर्षांपूर्वी मीच गाड्यावर मोबाईलनं पैसे घ्यायचा क्यूआर कोड लावायला लावला होता. मोठी हौस मला, आपला गाडा डिजिटल झाला म्हणून. वहिनीकडं साधा फोन होता, म्हणून कोड दादाच्या खात्याचा काढला. तेव्हा मोबाईलवर पैसे देणारी दिवसाला चार-पाच माणसं होती. आता कॉलेजची पोरं, नोकरदार, सगळे तसंच देतात. एका महिन्यात ४१ हजार त्या कोडवर गेले होते. म्हणजे निम्म्याच्या आसपास विक्री दादाच्या खात्यात. त्यातनं पिकअपचा हप्ता, डिझेल, टायर. हातात येणाऱ्या रोखीत रोजचं सामानसुद्धा बसेना. गाड्याचं भांडवलच पिकअप खात होती.

दादा वाईट माणूस नाही. त्यानं पैसे उडवले नाहीत, घरासाठीच घातले. पण आईच्या हातात जो पत्र्याचा डबा होता, तो वहिनीच्या हातात कधी आलाच नाही. एका कागदाच्या चिकटपट्टीनं तो दुसरीकडं गेला, आणि ती चिकटपट्टी मी लावली. तुमच्या गाड्यावर, टपरीवर, चहाच्या टेबलावर असा कोड असेल तर आज संध्याकाळीच बघा, पैसे कुणाच्या खात्यात जातात. बघायला भांडण लागत नाही.

आता नावाचं. तात्या असताना नगरपालिकेचा सर्व्हे झाला, तेव्हा नोंद तात्यांची झाली आणि विक्री प्रमाणपत्र त्यांच्या नावावर मिळालं. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. दर पाच वर्षांत एकदा तरी सर्व्हे झाला पाहिजे, सर्व्हेत सापडलेल्या विक्रेत्याला प्रमाणपत्र मिळालं पाहिजे, असं त्यात आहे. नगर पथविक्रेता समिती असते, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांच्यात एक तृतीयांश बाया, हेही त्यात आहे. प्रमाणपत्र विकता येत नाही, भाड्यानं देता येत नाही. आणि विक्रेता वारला, कायमचा अपंग झाला किंवा आजारी पडला, तर त्याच्या जागी घरचं माणूस प्रमाणपत्राच्या मुदतीपर्यंत विक्री करू शकतं. कोण? आधी नवरा किंवा बायको, नंतर अवलंबून असलेलं मूल.

ऐकलंत ना? बायको, नंतर मूल. सून त्या ओळीत नाही. तात्या गेल्यावर हक्क आईचा, तिचे गुडघे चालत नाहीत. दादा स्वतःची गाडी चालवतो, त्याला अवलंबून कसं म्हणायचं? आणि तेरा वर्षं कढईसमोर घाम गाळणारी वहिनी, तिचं नाव कागदावर कुठंच नाही. मुदत संपली की गाड्यावर तिचा हक्क काय, या प्रश्नाला आमच्याकडं उत्तर नव्हतं.

वाटेनं एक संधी आली होती, ती आम्ही घालवली. पुन्हा सर्व्हे झाला तेव्हा नोंद करणारा माणूस दुपारी गाड्यापाशी आला. वहिनी एकटी होती. त्यानं विचारलं, "मालक कोण?" वहिनी म्हणाली, "सासूबाई हायत, घरी असत्यात." त्यानं आईचं नाव लिहिलं आणि गेला. वहिनीनं ते आदरानंच सांगितलं होतं, पण त्या एका वाक्यानं तिचं नाव यादीबाहेर राहिलं. तो खरं तर विचारतो, इथं विक्री कोण करतं. तुम्ही उभ्या असाल तर तुमचं नाव सांगा. आधार कार्ड गाड्यावर ठेवा. एक फोटो काढून ठेवा, गाड्यासह. घरी सासू रागावली तर मला बोलवा.

आता तुम्ही म्हणाल, आमचा गाडा गावात आहे, नगरपालिका कुठली? खरं आहे. हा कायदा शहरांचा, नगरपालिका, नगरपंचायत अशा ठिकाणचा. ग्रामपंचायतीच्या हद्दीत बाजारकराची पावती हाच पुरावा. ती फाडून चुलीत घालू नका. पावतीवर नाव लिहित असतील तर उभ्या राहणाऱ्या बाईचं लिहायला सांगा. अन्न विकायचं तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते, ती गावातही लागते. तीही कुणाच्या नावावर आहे ते बघा.

आमच्याकडं पुढं काय झालं ते सांगते. वहिनी ज्या गटात आहे, त्या गटातून तिनं ४० हजारांचं कर्ज घेतलं आणि जुना लाकडी गाडा काढून स्टीलचा केला. बिल तिच्या नावावर. दुकानदार म्हणत होता, "मालकांचं नाव टाकतो." वहिनीनं चक्क मान हलवली आणि म्हणाली, "हप्ता मी भरणार हाय." गटातल्या कर्जासाठी उघडलेलं तिचं खातं होतंच, कोड आता त्या खात्याचा आहे. दादा आठ दिवस बोलत नव्हता. मग ठरलं की पिकअपच्या हप्त्याला महिन्याला ठरलेली रक्कम वहिनी देईल, बाकी त्यानं बघायचं. उधारी सहा महिन्यांत फिटली.

प्रमाणपत्राचं अजून झालेलं नाही. तिच्या नावानं नोंद व्हावी म्हणून पथविक्रेता समितीकडं अर्ज दिलाय, पोच घेतली आहे. २०२० साली सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत प्रमाणपत्र नसलं तर पालिकेचं शिफारसपत्रही चालतं, त्यासाठीही अर्ज आहे. तीन चकरा झाल्या. चौथी पुढच्या सोमवारी.

आणि चटणी. ते सगळ्यांत अवघड होतं. मी आईला म्हणाले, चटणी फुकट देऊ नको. विक. ती हसली, म्हणाली, सुनेला विकू? मी म्हणाले, हो. मग ठरलं की दर आठवड्याला बाजाराच्या दुसऱ्या दिवशी वहिनीनं आईला ५०० रुपये द्यायचे, आई आहे तोवर. आईचं वेगळं खातं काढलं. हे मी गटाच्या वहीत लिहून घेतलं, दोघींच्या सह्या घेतल्या, कारण घरातला शब्द चांगल्या दिवसात टिकतो आणि वाईट दिवसात विसरतो. काही बाया म्हणाल्या, सासू-सुनेत कसला करार, शोभतं का? मला विचाराल तर पाच वर्षं डबा लपवून ठेवणं जास्त वाईट दिसत होतं.

पहिले ५०० मिळाले त्याच्या चौथ्या दिवशी आईनं दुपारी वहिनीला हाक मारली, "ये गं, खोबरं भाजायला घेतलंय."

सगळं काही गोड झालं असं समजू नका. आता भांडण तेलावरून आहे. आई कालचं तेल आजच्या तेलात मिसळायची, तिच्या काळात सगळेच करायचे. पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल अंगाला बाधतं, त्यावर सरकारी नियमही आला आहे. वहिनी तेल काळं पडायच्या आत बदलते. आई म्हणते, पैसा ओतून देते. वडा वर्तमानपत्रात बांधायचा तोही वहिनीनं बंद केला, छपाईची शाई पोटात जाते म्हणून. कोरा कागद आणते. कागदाचे २५ रुपये हिशेबात आले ते त्यामुळंच. या दोन्ही बाबतीत मी वहिनीच्या बाजूनं आहे आणि आईला ते माहीत आहे. सगळंच जुनं पुढं न्यायचं नसतं हे तिला पटलेलं नाही, पटेल असं वाटतही नाही.

माझी भाची अकरावीला आहे. तिला पुढं अन्नप्रक्रियेचं शिकायचंय. वहिनी म्हणते, काहीही शीक, पण गाड्यावर येऊ नको. मी तिला हेच आठवून दिलं की आपण आत्ताच तर गाडा तुझा करून घेतोय, मग तो वाईट कसा? ती म्हणाली, "ताई, माझी कंबर बघा आणि मग बोला." त्यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

भाचीनं मात्र एक काम केलंय. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत ती आजीजवळ वजनकाटा घेऊन बसली. आजीनं मुठीनं टाकलं की ही ते परत काट्यावर घ्यायची आणि वहीत लिहायची. खोबरं किती ग्रॅम, लसूण किती, मिरची किती, मीठ किती. चार वेळा मोजलं, चारही वेळा आकडे वेगळे आले. शेवटी तिनं सरासरी काढली आणि त्या मापानं स्वतः चटणी करून आजीला चाखायला दिली. आईनं जिभेवर ठेवली, डोळे मिटले, आणि म्हणाली, "मीठ कमी हाय. लिही."